सर्वांत कमकुवत दुवा : निमचा डाव, काचेतील भेग आणि एडवर्ड काँडन

१/
मंडळी, आजच्या धाग्यात लढाई नाही, किल्ला नाही आणि राजाही नाही. एक खेळ आहे, काचेचा एक तुकडा आहे आणि एक माणूस आहे. या तिघांची गाठ विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत पडली. एडवर्ड उलर काँडन हे त्या माणसाचे नाव. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते फ्रँक-काँडन तत्त्वामुळे परिचित असते. इतिहासाच्या वाचकांना सहसा नसते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रारंभ खेळापासून करू. हार्वर्ड विद्यापीठातील गणिताचे अध्यापक चार्ल्स बूटन यांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाच्या १९०१-०२ च्या खंडात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. विषय होता ‘निम’ हा खेळ. हे नावही त्यांनीच दिलेले. नियम अगदी साधे : खड्यांचे काही ढीग मांडायचे. दोघांनी आळीपाळीने खेळायचे. आपल्या पाळीला कोणताही एक ढीग निवडून त्यातून किमान एक, हवे तर सगळेच खडे उचलायचे. शेवटचा खडा उचलेल तो जिंकला.

३/
खड्यांऐवजी आपण चिंचोके घेऊ. समजा तीन ढिगांत ३, ४ आणि ५ चिंचोके आहेत. बूटन यांची रीत अशी : प्रत्येक संख्येची ४, २ आणि १ अशा तुकड्यांत फोड करावी. ३ म्हणजे २ आणि १. ४ म्हणजे ४. ५ म्हणजे ४ आणि १. आता सारख्या तुकड्यांच्या जोड्या लावाव्यात. चाराचे तुकडे दोन, एकाचेही दोन. त्यांच्या जोड्या जमतात. दोनाचा तुकडा मात्र एकटा उरतो. म्हणून पहिल्या ढिगातून दोन चिंचोके उचलावेत. उरतात १, ४ आणि ५, आणि आता एकही तुकडा जोडीवाचून नाही.

४/
अशा मांडणीला बूटन ‘सुरक्षित’ म्हणतात. यापुढे प्रतिस्पर्ध्याने काहीही उचलले तरी कुठली तरी जोडी मोडतेच. आणि मोडलेल्या जोड्या एकाच चालीत पुन्हा जुळवणे आपल्याला नेहमीच शक्य असते. सगळे ढीग रिकामे होणे हीदेखील सुरक्षितच मांडणी. तिथे पोहोचतो तो आपणच. ढीग मोठे असतील तर फोडीत ८, १६, ३२ हे तुकडेही येतात, रीत तीच राहते. संगणकाची द्विमान पद्धत ती हीच.

५/
ज्या खेळांत नशिबाला स्थान नसते आणि संपूर्ण मांडणी दोन्ही खेळाडूंना उघडी दिसते, त्यांना गणितात कॉम्बिनेटोरियल गेम्स म्हणतात. या शाखेचा पाया निमने घातला. पुढे १९३५ मध्ये जर्मनीत रोलंड स्प्राग यांनी आणि १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये पॅट्रिक ग्रंडी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक विलक्षण निष्कर्ष काढला : ज्या खेळांत दोघांनाही सारख्याच चाली खुल्या असतात आणि शेवटची चाल करणारा जिंकतो, अशा प्रत्येक खेळाची कोणतीही स्थिती निमच्या एका ढिगाशी समतुल्य असते. ग्रंडींचा लेख केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या ‘युरेका’ या मासिकात आला होता.

६/
या शाखेचे मला वाटणारे आकर्षण एका वाक्यात सांगते. येथे निकाल मांडणीतच लिहिलेला असतो. खेळाडूचा स्वभाव, त्याचे पूर्वज, त्याचे मित्र, कशाचाही प्रश्न येत नाही. ढीग मोजा, जोड्या लावा, कोण जिंकू शकतो ते कळते. शंकेला जागा उरत नाही.

७/
आता दुसरे टोक. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले. दुसऱ्या वर्षी आम्ही काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजूचे क्यूब ओतत असू, २८ दिवस पाण्यात ठेवत असू आणि मग यंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांत दाबून फोडत असू. एकदा मी तबकडीवर ठेवलेला क्यूब न्याहाळून आकडा काय येईल असे विचारले, तेव्हा प्रयोगशाळेतले मामा शांतपणे म्हणाले, “पोरी, फुटल्याशिवाय आकडा नाही. बघून सांगता आलं असतं, तर हे यंत्र कशाला आणलं असतं?”

८/
मामांचे ते बोलणे कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतके नेमके होते. एकाच घमेल्यातल्या मिश्रणाचे, एकाच हाताने ठोकलेले तीन क्यूब तीन वेगळे आकडे देतात. भारतीय मानकात तिघांची सरासरी घेतात, आणि एखादा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर गेला तर तो निकाल ग्राह्य धरत नाहीत. शिवाय जो क्यूब फोडला तो इमारतीत जात नाही आणि जे काँक्रीट इमारतीत गेले ते फोडले जात नाही. एकाची परीक्षा घेऊन दुसऱ्याविषयी अनुमान करायचे, असा हा व्यवहार आहे.

९/
पदार्थ असे का वागतात? याचे पहिले समाधानकारक उत्तर अ‍ॅलन अर्नोल्ड ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दिले. तो फार्नबरो येथे विमानांच्या संशोधनकेंद्रात काम करत होता. रॉयल सोसायटीने १९२१ मध्ये त्याचा जो निबंध छापला, त्यात प्रयोगाचा पदार्थ होता काच. अणूंमधील बंधांच्या बळावरून काच जितकी मजबूत असायला हवी, त्याच्या तुलनेत प्रत्यक्षातील काच कितीतरी कमी ताणाला तुटते. ही तफावत त्याला अस्वस्थ करत होती.

१०/
त्याचे उत्तर होते : भेगा. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा काचेत आधीपासूनच असतात आणि प्रत्येक भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. भेग वाढताना जी ऊर्जा मोकळी होते, ती नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास पुरेशी ठरली की ती भेग आपोआप पळत सुटते. काचवाला हिऱ्याच्या कलमाने एक ओरखडा ओढतो आणि हलकेच दाब देऊन काच सरळ रेषेत तोडतो, तत्त्व तेच. ग्रिफिथने काचेचे अधिकाधिक बारीक तंतू ओढले, तेव्हा ते जाड तंतूंपेक्षा पुष्कळच बळकट निघाले. बारीक तंतूत मोठी भेग मावणार कुठे?

११/
१९३९ मध्ये, म्हणजे ग्रंडींचा लेख आला त्याच वर्षी, स्वीडनच्या वालोदी वायबुल यांनी पदार्थांच्या मजबुतीचा सांख्यिकी सिद्धांत मांडला. कल्पना साखळीची : साखळीचे बळ तिच्या सर्वांत कमकुवत दुव्याइतकेच असते. वस्तू जितकी मोठी, तितकी तिच्यात एखादी घातक भेग असण्याची शक्यता अधिक. म्हणून ‘हा तुकडा अमुक भाराला तुटेल’ असे विधान करताच येत नाही. ‘अमुक भाराला तुटण्याची शक्यता इतकी’ एवढेच म्हणता येते.

१२/
म्हणजे एकाच वर्षी ज्ञानाच्या दोन प्रांतांत दोन विरुद्ध गोष्टी सिद्ध होत होत्या. खेळात सर्व काही उघडे, म्हणून निकाल निश्चित. पदार्थात दोष झाकलेला, म्हणून परीक्षा आवश्यक आणि निकाल शक्यतेच्या भाषेत. हा भेद मनात ठेवा. काँडन यांची कथा त्याभोवतीच फिरते.

१३/
काँडन यांचा जन्म १९०२ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे झाला. तरुणपणी त्यांनी काही काळ वृत्तपत्राचे वार्ताहर म्हणून काम केले. १९२६ मध्ये बर्कलीतून डॉक्टरेट घेतली. १९२८ मध्ये प्रिन्स्टन येथे रोनाल्ड गर्नी यांच्यासह त्यांनी अल्फा किरणोत्साराचे पुंजभौतिकीच्या आधारे स्पष्टीकरण दिले; त्याच वर्षी जॉर्ज गॅमॉव्ह यांनीही ते स्वतंत्रपणे मांडले. १९३७ मध्ये काँडन पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीत संशोधन विभागाचे सहसंचालक झाले.

१४/
किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर गणकात विजेच्या ठोक्यांची मोजणी करणारी मंडले असतात. हीच मंडले निमच्या ढिगांतील संख्या धरून ठेवू शकतील, असे काँडन यांच्या ध्यानात आले. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी विद्युत रिलेंचे, टनाहून अधिक वजनाचे एक यंत्र घडवले. नाव ठेवले निमॅट्रॉन. १९४० मध्येच त्याचे पेटंटही मिळाले. खड्यांऐवजी दिव्यांचे चार स्तंभ, प्रत्येकात सात दिवे. माणसाने कळ दाबून हवे तितके दिवे विझवायचे, मग यंत्राने आपली चाल करायची.

१५/
१९४० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउसच्या दालनात निमॅट्रॉन लोकांसमोर आले. त्याने सुमारे १ लाख डाव खेळले आणि त्यांपैकी ९० हजारांच्या आसपास जिंकले असे नमूद आहे. जे डाव ते हरले, त्यांतील बरेचसे दालनातील सेवकांनीच जिंकले होते. हे यंत्र हरू शकते याची प्रेक्षकांना खात्री पटवण्यासाठी! केवळ खेळण्यासाठी बांधलेल्या यंत्रांच्या इतिहासात निमॅट्रॉनचे स्थान अगदी आरंभीचे आहे. युरोपात मात्र तेव्हा युद्ध पेटलेले होते.

१६/
युद्धाने काँडन यांनाही ओढून नेले. १९४३ मध्ये ते लॉस अलामोसला ओपेनहायमर यांचे सहकारी म्हणून गेले. परंतु शास्त्रज्ञांनी आपापसांतही माहिती बोलू नये, या लष्करी बंधनांशी त्यांचे जमले नाही आणि काही आठवड्यांतच त्यांनी ते काम सोडले. युद्ध संपल्यावर, १९४५ च्या अखेरीस, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना ‘नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’ या संस्थेचे संचालक नेमले.

१७/
ही संस्था १९०१ मध्येच स्थापन झालेली. काम : मोजमापांची मानके राखणे आणि पदार्थांची पारख करणे. बिडापासून सिमेंटपर्यंत कशाचे बळ किती, ते येथे तपासले जाई. १६ जानेवारी १९४३ रोजी ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज ओरेगनमधील धक्क्याला, शांत पाण्यात उभे असताना प्रचंड आवाज करून जवळपास दुभंगले. जोडकामाने बांधलेल्या इतर जहाजांनाही असेच तडे जात होते. त्या फुटलेल्या जहाजांचे पत्रे तपासणीसाठी याच संस्थेकडे आले. थंडीत ते पोलाद काचेसारखे ठिसूळ होत होते. ग्रिफिथच्या भेगेकडे पोलादवाल्यांनी गांभीर्याने पाहिले ते यानंतर.

१८/
काँडन यांच्या कारकिर्दीतच, १९५० मध्ये, या संस्थेने ‘सीॲक’ हा आपला इलेक्ट्रॉनिक संगणक कार्यान्वित केला. निमॅट्रॉन बांधणारा माणूस आता देशाच्या मोजमापांचा रखवालदार होता. परंतु तोवर त्याच्याच मोजमापाचा प्रश्न उभा राहिला होता.

१९/
१ मार्च १९४८. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीच्या उपसमितीने एक अहवाल प्रसिद्ध केला. जे. पार्नेल थॉमस हे अध्यक्ष. अहवालात म्हटले होते की डॉ. काँडन हे अमेरिकेच्या अणुसुरक्षेतील सर्वांत कमकुवत दुव्यांपैकी एक दिसतात. साखळीची ही उपमा पदार्थविज्ञानातही तीच. ज्या माणसाच्या हाताखाली शेकडो लोक दिवसभर वस्तूंतील कमकुवत दुवे शोधत होते, त्यालाच तो शब्द लावला गेला.

२०/
मग परीक्षा कोणती झाली? अहवालापूर्वी काँडन यांना साक्षीला बोलावलेच नव्हते. आरोपांचा भर होता तो त्यांच्या ओळखींवर आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांशी संवाद ठेवणाऱ्या एका संस्थेशी असलेल्या संबंधांवर. अहवालात गुप्तचर प्रमुखांच्या एका पत्राचा उतारा होता; पण त्या पत्रातील एक वाक्य गाळले होते. ज्या व्यक्तीशी संबंध असल्याचा आरोप होता, तिच्या हेरगिरीशी या भेटींचा संबंध असल्याचा पुरावा नाही, अशा आशयाचे ते वाक्य होते. त्याच सुमारास वाणिज्य खात्याच्या निष्ठा-चौकशी मंडळाने काँडन यांना निर्दोष ठरवले होते.

२१/
मित्रांनो, इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने येथे थोडे थांबावे. कागद खरा होता. उतारा खरा होता. एक वाक्य गाळल्याने अर्थ उलटा झाला. बनावट दस्तऐवज ओळखायला आपण शिकतो, ते योग्यच आहे. परंतु अस्सल दस्तऐवजातून जे वगळले जाते ते ओळखणे अधिक अवघड असते, कारण पानावर त्याची कोणतीही खूण उरत नाही.

२२/
१३ सप्टेंबर १९४८ रोजी ट्रूमन शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या सभेत बोलले. काँडन तेथे उपस्थित होते. अफवा आणि बदनामीच्या वातावरणात विज्ञानाचे काम चालू शकत नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. पुढच्याच वर्षी थॉमस हे स्वतः सरकारी वेतनपटात खोटी नावे घालून पैसे घेतल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. हे वाचताना मनाला समाधान वाटते. परंतु सावध राहावे. आरोप करणारा भ्रष्ट निघाला, एवढ्याने आरोप खोटा ठरत नाही. तो खोटा ठरतो पुराव्याच्या अभावाने.

२३/
१९५१ मध्ये काँडन यांनी संस्था सोडली आणि ते कॉर्निंग ग्लास वर्क्स या काचेच्या प्रसिद्ध कारखान्यात संशोधन संचालक झाले. येथे त्यांनी काचेच्या अंतरंगाचा अभ्यास केला आणि १९५४ मध्ये काचरूप अवस्थेच्या भौतिकीवर लेखमाला लिहिली. याच काळात तेथील डोनाल्ड स्टुकी या रसायनज्ञाच्या भट्टीचे तापमान बिघाडामुळे ६०० ऐवजी ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढले. वितळून वाया गेली असेल असे समजून बाहेर काढलेली काच पांढरी आणि घट्ट निघाली. हातून खाली पडली, तरी फुटली नाही. ग्लास-सिरॅमिक या नव्या पदार्थवर्गाचा जन्म असा झाला.

२४/
ती काच पडली म्हणून तिचे बळ कळले. काँडन यांची परीक्षा मात्र संपतच नव्हती. पुन्हा पुन्हा चौकशा झाल्या. १९५४ मध्ये त्यांना सुरक्षाविषयक परवाना मिळाला आणि काही महिन्यांतच तो स्थगित झाला. पुन्हा पहिल्यापासून सारे सिद्ध करण्याऐवजी त्यांनी अर्ज मागे घेतला आणि संचालकपद सोडले. नंतर ते सेंट लुइस आणि बोल्डर येथे विद्यापीठांत शिकवत राहिले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी देशद्रोह केल्याचे कधीही सिद्ध झाले नाही.

२५/
हा माणूस मला इतका जवळचा का वाटतो, तेही सांगायला हवे. माझे आजोबा सत्तरच्या दशकात एका प्रकल्पाच्या भांडारात कारकून होते. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. नोंदवहीपेक्षा गोण्या कमी भरल्या आणि आजोबा निलंबित झाले. तीन वर्षांनी दुसऱ्या एका वहीत नोंद सापडली : पावसाळ्यात ओल लागून दगड झालेल्या गोण्या वरिष्ठांच्या सहीने बाद केल्या होत्या. निर्दोषत्वाचे पत्र आले, थकलेला पगारही मिळाला.

२६/
गावाने मात्र ते पत्र वाचले नाही. आजोबांनी पुढे स्वयंपाकघराची भिंत बांधली, तेव्हा पारावरून कुणीतरी विचारले, “अण्णा, सिमेंट सरकारी का?” आजोबा हसले. आजी मात्र पुढे त्या भिंतीला टेकून कधी बसली नाही, असे आई सांगते. गावाला सारे ठाऊक होते, कारण गाव निम खेळत होते : कारकून, गोण्या, तूट, लागली जोडी, ठरला निकाल. ढिगावर एक वही झाकलेली आहे, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

२७/
आपण इतिहासप्रेमी मंडळी रोज काय करतो? एखाद्या लढाईची चर्चा निघाली की दहा मिनिटांत ‘फितूर’ सापडतो. कुणाच्या तरी आडनावाला अडीचशे वर्षांचा डाग चिकटवला जातो आणि त्या आडनावाची आजची मुले तो प्रतिसादांत वाचतात. फितुरी झालीच नाही असे मी म्हणत नाही. झाली, आणि तिचे पुरावेही आहेत. परंतु पुराव्याने सिद्ध झालेली फितुरी आणि पराभवाला सोयीचे कारण म्हणून शोधलेला कमकुवत दुवा, यांत अंतर आहे. जहाज दुभंगले तेव्हा त्या शास्त्रज्ञांनी आधी पत्रा तपासला, मगच दोष सांगितला.

२८/
म्हणून असा ठपका वाचनात आला की मी चार प्रश्न विचारते. तो कुणी आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला? ठपका आलेल्याची बाजू कुठे नोंदली आहे का? उतारा दिला असेल तर त्याच्या आधीची आणि नंतरची ओळ कोणती? आणि या एका माणसावर दोष टाकल्याने आणखी कोण सुटतो? उत्तरे मिळाली तरी निकाल निमसारखा निश्चित येईलच असे नाही. अनेकदा ‘शक्यता अधिक’ किंवा ‘शक्यता कमी’ एवढ्यावर थांबावे लागते, आणि तसे प्रामाणिकपणे लिहावे लागते.

२९/
घरी चिंचोके असतील तर ३, ४, ५ असे मांडून धाकट्या भावंडांशी खेळून पाहा. पहिली चाल आता तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुमच्या वाचनात ‘फितूर’ म्हणून आलेले एखादे नाव असेल, तर ते खाली लिहा. पण सोबत तो शिक्का कोणत्या कागदावर उभा आहे, हेही लिहा. ज्या नावांमागे कागद सापडेल, त्यांतील एक घेऊन पुढचा धागा करू.